फ्रान्समध्ये एकट्याने दहा दिवस, दुपार सोडून

जुलैत पॅरिसला सूर्य मावळतो रात्री पावणेदहा-दहाच्या सुमारास. सकाळी आठला बाहेर पडलं की हाताशी चौदा तासांचा उजेड असतो आणि नवखा माणूस पहिल्याच दिवशी तो सगळा संपवायला जातो. तिसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतात. चौघांच्या घोळक्यात 'आता जरा टेकू या' म्हणणारं कुणीतरी असतं, एकट्याला ते कोण सांगणार? म्हणून पुढच्या दहा दिवसांत एक पथ्य पाळलंय: दुपारी एक ते चार काहीही बघायचं नाही. जेवायचं, सावली गाठायची, जमलं तर डुलकी काढायची. पुण्याच्या दुकानदारांना हे शहाणपण कधीच सुचलंय. फ्रान्सच्या लहान गावांतली दुकानंही जेवणाच्या वेळेला शटर ओढतात, त्यामुळे बुडत काहीच नाही.

फ्रान्समधला उष्म्याचा विक्रम आहे ४६ अंशांचा, २८ जून २०१९ रोजी दक्षिणेतल्या वेरार्ग गावात नोंदलेला. चंद्रपूरकरांना हसू येईल, पण चंद्रपूरच्या घरात कूलर असतो. पॅरिसच्या जुन्या इमारतींत सगळ्यात वरच्या मजल्यावरची स्वस्त खोली थेट जस्ताच्या पत्र्याखाली असते आणि पंखा मिळाला तरी नशीब. खोली घेताना 'क्लिमातिझे' हा शब्द शोधा, त्याचा अर्थ एसी. तो नसेल तर तिथली माणसं करतात तेच करायचं: दिवसा खिडकी आणि बाहेरच्या झडपा घट्ट बंद, रात्री सगळं उघडं. भर दुपारी 'हवा येऊ दे' म्हणून खिडकी उघडणारा पर्यटक रात्रभर भाजून निघतो.

निघण्याआधीचं थोडक्यात. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण उन्हाळ्यात खरी मारामारी भेटीची वेळ मिळण्याची असते. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा. विजेचं सॉकेट गोल आणि खोलगट. मोबाइल चार्जरच्या दोन बारीक पिना बसतात, आपली तीन जाड पिनांची प्लग बसत नाही.

दिवस १, सोमवार: विमानतळ ते नोत्र-दाम

शार्ल द गोल विमानतळावरून शहरात जायला आरईआर-बी ही लोकल. २०२५च्या दराने विमानतळाचं तिकीट १३ युरो होतं, शहरातलं मेट्रोचं २.५० युरो. ही तिकिटं भरायला 'नाविगो ईझी' कार्ड २ युरोंना घ्यावं लागतं. आठवड्याचा पास त्या वर्षी ३१.६० युरोंचा होता, विमानतळही त्यात येतो, पण तो सोमवार ते रविवार असाच चालतो आणि त्याच्या कार्डाचे ५ युरो वेगळे, वर फोटो लागतो. या आराखड्यात गुरुवारीच पॅरिस सोडायचंय. त्या दरांनी हिशेब घाला: कार्ड २, विमानतळ १३, मेट्रोच्या आठ फेऱ्या २०, एकूण ३५. पासाचे ३६.६०. फरक किरकोळ, पण फोटोची कटकट वाचते. तिकीट यंत्रावरच काढायचं. रांगेत येऊन 'माझ्याकडे तिकीट आहे, स्वस्तात देतो' म्हणणाऱ्याकडे ढुंकूनही बघू नका. त्याचं तिकीट मुलांचं किंवा वापरलेलं निघतं आणि तपासनिसाचा दंड तुमच्या नावाने फाटतो. बाहेर पडेपर्यंत कार्ड हाताशी ठेवा, स्टेशनच्या फाटकावर ते पुन्हा टेकवावं लागतं.

संध्याकाळी फक्त सीन नदीचा काठ आणि नोत्र-दाम. १५ एप्रिल २०१९च्या आगीनंतर ते ८ डिसेंबर २०२४ला पुन्हा उघडलं. प्रवेश फुकट. बाहेरची रांग बघून दचकू नका, ती भराभर सरकते.

पहिल्या दिवशी एकच शब्द शिकायचा: बोंजूर. बेकरीत शिरल्यावर आधी बोंजूर, मग काय हवं ते. आधी 'वन ब्रेड' म्हटलंत तर समोरची बाई तुम्हाला बोंजूर म्हणून उत्तराची वाट बघत थांबते. तो नमस्कार नसतो, तंबी असते. पाव मागताना 'बागेत' (आपण बॅगेट म्हणतो तो) न म्हणता 'ट्रादिस्यों' म्हणा. १९९३च्या सरकारी आदेशानुसार त्यात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, एवढंच. पिठात डाळीचं वगैरे थोडं पीठ चालतं, पण टिकवायची रसायनं नाहीत. म्हणूनच तो संध्याकाळी काठीसारखा होतो. सकाळचा पाव सकाळीच संपवायचा.

दिवस २, मंगळवार: ऑर्से आणि सीनमध्ये डुबकी

लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, ऑर्से सोमवारी. एकाच घरातल्या दोन जावांसारखे, आठवड्याची रजा एकाच दिवशी घेत नाहीत. आज म्हणून ऑर्से. १९००च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं हे रेल्वे स्टेशन, १९८६ पासून संग्रहालय. साडेनऊला दार उघडतं. आत शिरताच थेट पाचव्या मजल्यावर जा, मोने-रनवार-देगा यांची चित्रं तिकडे आहेत, आणि मग उलटं खाली उतरत या. गर्दी खालून वर चढत असते, तुमची तिच्याशी गाठ एकदाच पडते.

शाकाहारी माणसाची पहिली फजिती दुपारच्या जेवणाला होते. 'वेजेतारियें' सांगून काम भागत नाही. सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, 'लार्दों', भुरभुरलेले येतात आणि कांद्याचं प्रसिद्ध सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यातलं असतं. 'सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों' असं मोजून म्हणायचं: मांस नको, मासा नको, लार्दों नको. काटेकोर असाल तर चीजचंही ध्यानात ठेवा. कोंते, रॉकफोरसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने, 'प्रेझ्यूर'ने बनतात. हमखास सोय म्हणजे मारे भागातल्या र्यू दे रोझिएवरचं फलाफल, पण ही ज्यू वस्ती, त्यामुळे शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बरीचशी दुकानं बंद. डोशाची आठवण अनावर झाली तर ला शापेल मेट्रोजवळ श्रीलंकन तमिळांची अख्खी पेठ आहे.

जेवणाची वेळ बारा ते दोन. सव्वादोनला गेलात की स्वयंपाकघर बंद, मग कॉफीवर समाधान. पाणी मागताना 'उन काराफ दो' म्हणा, नळाचं पाणी जगमध्ये भरून फुकट येतं. नुसतं 'वॉटर' म्हटलंत तर बाटली येते आणि तिचं बिलही.

चारनंतर पोहायला. १९२३ पासून बंदी असलेली सीन नदी जुलै २०२५ मध्ये लोकांना पोहण्यासाठी खुली झाली: बेर्सी, ग्रनेल आणि ब्रा मारी अशा तीन ठिकाणी, उन्हाळ्यापुरती, फुकट. कमरेला पिवळा फुगा बांधावाच लागतो, तो तिथेच देतात. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर जाऊ नका. पॅरिसच्या जुन्या भागात पावसाचं आणि सांडपाण्याचं गटार एकच. ते तुंबलं की जादाचं पाणी नदीत सोडतात आणि काठावर लाल बावटा लागतो. एकट्याने पोहताना सामान ही खरी अडचण. पासपोर्ट खोलीवर ठेवा, खिशात एक कार्ड आणि थोडी चिल्लर बस.

दिवस ३, बुधवार: आयफेल सकाळी, लूव्र रात्री

आयफेलचा जिना दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्यांचा. जिन्याचं तिकीट सगळ्यात स्वस्त आणि रांगही लहान. सिंहगड चढणाऱ्याला अर्धा तास खूप झाला. फ्रान्समध्ये यूपीआय पहिल्यांदा चाललं ते इथल्या तिकिटांसाठी, फेब्रुवारी २०२४ मध्ये. बाकी देशात त्याच्या भरवशावर राहू नका. खाली कागदावर सही मागणाऱ्या मुलींना आणि मनगटात दोरा अडकवायला येणाऱ्यांना हात दाखवून चालत राहायचं. उत्तर दिलंत की थांबलात, थांबलात की खिसा गेला.

लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडं. संध्याकाळी पाच-साडेपाचची वेळ घ्या. जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरच्यांना तिकीट ३२ युरो, तेव्हा आधी पोटोबा आणि मग शिरा. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटिमीटरची, समोर शेकडो मोबाइल. तिला एकदा नमस्कार करून मागे वळा. पाठीमागच्या भिंतीवर व्हेरोनेझेचं लग्नाच्या पंगतीचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, आणि त्याच्यासमोर उभं राहायला भरपूर जागा.

दिवस ४, गुरुवार: रेल्वेचे डाव, मग लियों

पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून लियों शहराला दोन तास. देशातली पहिली टीजीव्ही, म्हणजे अतिवेगवान रेल्वेगाडी, याच मार्गावर १९८१ मध्ये धावली. वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत. बाहेर बर्गंडीची कुरणं आणि पांढऱ्या गाई सर्रकन निघून जातात. बघायला फार नाही, पण चुका करायला पुष्कळ वाव आहे.

दार सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतं. पळत येणाऱ्यासाठी उघडत नाही. फलाटाचा नंबर साधारण वीस मिनिटं आधी फळ्यावर येतो. या स्टेशनात दोन मुख्य दालनं आहेत, एकातले फलाट अक्षरांचे आणि दुसऱ्यातले आकड्यांचे, आणि मध्ये बरंच चालणं. तेव्हा फळा दिसेल अशाच ठिकाणी उभं राहा. पुढची मेख अशी, की बऱ्याचदा दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतात, डबे १ ते ८ आणि ११ ते १८, आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. कधी कधी वाटेत त्या वेगळ्या होऊन वेगवेगळ्या गावांना जातात. 'चढून घेऊ, मग आतून डबा शोधू' हा आपला दादर-ठाण्याचा संस्कार इथे अंगाशी येतो. तिकिटावरचा डबा आणि फलाटावरचं अक्षर जुळवूनच चढायचं.

बॅगेवर नावाची चिठ्ठी सक्तीची आहे. स्वस्त 'विगो' गाडीला तिकिटात ५५ बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची एक बॅग आणि एक छोटी पिशवी एवढंच बसतं; मोठ्या बॅगेचे पैसे तिकीट काढतानाच भरा, ऐन वेळी जास्त लागतात. तिकिटं महिनोन्‌महिने आधी काढली तर निम्म्याहून कमी पडतात. याला अपवाद 'टेर' या प्रादेशिक गाड्यांचा. तिथे जागा राखीव नसते, त्याच दिवशी काढलं तरी चालतं. 

लियोंत उतरायचं पार-दियो स्टेशनला. सेंत-एग्झ्युपेरी नावाचं स्टेशन विमानतळावर आहे, तिकडचं तिकीट चुकून काढू नका.

संध्याकाळी जुन्या गावातल्या 'त्राबूल' बघा. घराच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणाऱ्या या वाटा म्हणजे पुण्यातले वाड्यातून आरपार जाणारे बोळच. सगळ्यात लांब त्राबूल ५४, र्यू सें-जां इथून शिरून २७, र्यू द्यु बफला निघते. दार बंद दिसतं. बाजूचं बटण दाबा, दार ढकला. आत माणसं राहतात, तेव्हा आवाज खाली.

जेवायला 'बुशों', म्हणजे इथल्या खानावळी. सगळा मामला मांसाचा; आंदुयेत मागवलंत तर आतड्यांचं सॉसेज येतं आणि वासाने शेजारचं टेबलही जागं होतं. शाकाहाऱ्याचा तारणहार आहे 'सेर्वेल द कान्यू', शब्दशः विणकराचा मेंदू. दचकू नका, मेंदूचा तुकडाही नाही. आपल्या चक्क्यासारखं टांगून पाणी काढलेलं ताजं चीज, त्यात बारीक कांदा, लसूण, पातीसारखी हिरवी चिव्ह, मीठ-मिरपूड, थोडं तेल आणि व्हिनेगर. साखर न घातलेल्या श्रीखंडाची चटणी करावी, तसं. सोबत उकडलेला बटाटा किंवा पाव.

दिवस ५, शुक्रवार: विणकर, सिनेमा, आविन्यों

सकाळी क्रुआ-रूस टेकडी. रेशीम विणकरांची ही वस्ती. झाकारचे (जॅकार्ड) उंच माग मावावेत म्हणून घरांची छतं चार मीटर. मजुरीच्या दरावरून याच लोकांनी १८३१ आणि १८३४ मध्ये उठाव केले. जुना माग चालवून दाखवतात तिथे पाच मिनिटं कान द्या. आपण 'खटखट' म्हणतो, लियोंकर त्याच आवाजाला 'बिस्तांक्लाक' म्हणतात.

मग मेट्रोच्या डी मार्गाने मोंप्लेझिर-ल्युमिएर. ल्युमिएर बंधूंनी १८९५ मध्ये आपल्याच कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार जिथे चित्रित केले, ती शेड इथे जपलेली आहे आणि रस्त्याचं नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'. पॅरिसमधला पहिला जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५चा. त्यानंतर अवघ्या सहा-सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ला, ल्युमिएरांची चित्रं मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. इथलं ल्युमिएर संग्रहालय सोमवारी बंद.

संध्याकाळच्या टीजीव्हीने आविन्यों, सव्वा तासाच्या आत. ही गाडी बहुधा गावाबाहेरच्या 'आविन्यों टीजीव्ही'ला थांबते. तिथून 'आविन्यों सांत्र'ला पाच-सहा मिनिटांची छोटी गाडी, तिचं तिकीट वेगळं. रात्री टॅक्सीच्या रांगेत ताटकळणारे बहुतेक जण हे न ठाऊक असलेले असतात.

दिवस ६, शनिवार: आर्लचा बाजार

सांत्रवरून आर्ल टेरने वीसेक मिनिटं. शनिवारच का, तर बुलवार दे लिसवरचा मोठा बाजार शनिवारी सकाळी भरतो आणि साडेबाराला आवरायला लागतो. इथे खरेदी एकच, काव्हायोंचं खरबूज. दोन सारखी दिसणारी फळं दोन हातांत घ्या, जड असेल ते ठेवा. मग देठ बघा. देठाच्या मुळाशी गोल चीर गेलेली आणि देठ सुटू पाहतोय, म्हणजे पिकलंय. देठ घट्ट आणि चीर नाही, तर अजून दोन दिवस. दुकानदाराला 'आजच खायचंय, संध्याकाळी' एवढं सांगितलं तर तोच तासाच्या हिशेबाने निवडून देतो. कामार्गचा लाल तांदूळही इथे मिळतो. हो, फ्रान्समध्ये भातशेती आहे, ऱ्होन नदीच्या मुखाशी. बैलाच्या मांसाची सॉसेजेस जागोजाग असतात, न खाणाऱ्यांनी 'तोरो' हा शब्द ओळखून ठेवावा.

रोमन प्रेक्षागार सुमारे वीस हजारांचं. व्हॅन गॉग इथे फेब्रुवारी १८८८ ते मे १८८९ राहिला. पिवळं घर शोधत हिंडू नका, १९४४च्या बॉम्बफेकीत ते गेलं. चित्रांच्या जागी फक्त पाट्या आहेत. ऱ्होनच्या काठावर तारांकित रात्रीचं चित्र काढलं ती जागा मात्र पाटीशिवायही कळते, पाणी तसंच वळतं.

दिवस ७, रविवार: पों द्यु गार, रात्री नाटक

आविन्योंच्या बस स्थानकावरून पों द्यु गार पाऊण तास. रविवारी बस कमी; परतीची शेवटची वेळ फोटो काढून घ्या, कारण ती चुकली तर तिथे रिक्षा नाही. हा रोमन पूल म्हणजे ४९ मीटर उंच तीन मजली कमानी, नीम शहराला पाणी नेण्यासाठी. पन्नास किलोमीटरच्या पाटात उतार एकूण साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरला वीतभर. खाली नदीत पोहता येतं. गोटे शेवाळी, चप्पल मागून पट्टा असलेलीच.

जुलैत आविन्यों म्हणजे १९४७ पासूनचा नाट्यमहोत्सव. त्याच्या 'ऑफ' भागात हजाराहून जास्त प्रयोग, गल्लोगल्ली दोऱ्यांना टांगलेली पोस्टरं आणि कलाकारच हातात पत्रकं देत फिरणारे. फ्रेंच येत नसेल तर नृत्य, सर्कस, मूकनाट्य निवडा. पोपच्या वाड्याच्या अंगणात जागा मिळाली तर विंडचीटर न्या. मिस्त्राल वारा ऱ्होनच्या खोऱ्यातून खाली सुटला की जुलैतही कुडकुडायला होतं. खोल्या वसंतातच संपतात. नाही मिळाली तर नीमला मुक्काम, टेरने येऊन-जाऊन.

दिवस ८, सोमवार: मार्सेय

सें-शार्ल स्टेशनच्या भव्य जिन्याला १०४ पायऱ्या. पर्वतीला १०३, म्हणजे एक जास्तच, आणि इथे हातात बॅग. जिना रिकाम्या हाताने बघायला परत या. सामानासकट आतूनच मेट्रो १ धरा, दुसरं स्टेशन जुनं बंदर. म्यूसेम हे संग्रहालय मंगळवारी बंद, म्हणून ते आजच. गच्ची आणि किल्ल्याकडे जाणारा हवेतला अरुंद पूल यांना तिकीट नाही.

दिवस ९, मंगळवार: कालांक

समुद्रात उतरलेले चुनखडीचे उंच कडे आणि मधल्या निळ्या खाचा, ते कालांक. १ जून ते ३० सप्टेंबर वणव्याच्या धोक्यानुसार रोज रंग ठरतो आणि तो आदल्या संध्याकाळी कळतो. लाल म्हणजे बंद. यांतल्या सुजितों या खाचेला तर उन्हाळ्यात आरक्षणही लागतं, फुकट, पण दिवसाला फक्त ४०० माणसं. २०२२च्या आधी गर्दीच्या दिवशी अडीच हजारांपर्यंत जायची, पायांखाली माती निसटून पाइनची मुळं उघडी पडली, म्हणून हा नियम. क्यूआर कोड नसेल तर ६८ युरो दंड.

तिथे जायला ल्युमिनीपर्यंत बस, पुढे तासभर पायी. सकाळी आठला वाटेवर हवं, अकराला पाण्यातून बाहेर, साडेबाराला परत बसपाशी. वाटेत पाणी नाही, दुकान नाही, शेवटी सावलीही नाही. तीन लिटर पाणी पाठीवर. दगड लाखो पावलांनी काचेसारखा गुळगुळीत झालाय, उतरताना सँडल सरकते. तळव्याला नक्षी असलेले बूट घाला.

रंग लाल निघाला तर बेटांची बोट हा पर्याय सुचतो, पण लाल रंग बहुधा मिस्त्रालमुळेच असतो आणि मिस्त्रालमध्ये बोटीही रद्द होतात. तेव्हा सरळ मार्सेयच्याच कडेचं लेस्ताक बंदर गाठा. कालांक झालं तरी संध्याकाळी इथे यायचंच, 'पानिस'साठी. एक लिटर पाण्याला पाव किलो बेसन, मीठ, चमचाभर ऑलिव्ह तेल. गुठळी न होऊ देता घोटायचं, कडेने सुटायला लागलं की साच्यात थापायचं, गार झालं की कापून तळायचं. म्हणजे पाटवडीच, फक्त फोडणी, हळद आणि वरचं खोबरं विसरलेली. बंदरावरच्या टपरीत कागदात बांधून मिळते. मिरपूड जास्त मागा. कढई माशांची वेगळी आहे का, हे शाकाहाऱ्यांनी आधी विचारा.

दिवस १०, बुधवार: परत

मार्सेयहून थेट शार्ल द गोल विमानतळाला जाणाऱ्या टीजीव्ही आहेत, चार तासांच्या आसपास; पॅरिस शहरात उतरून लोकल बदलायची गरज नाही. पण विमानाच्या किमान चार तास आधी पोचेल अशीच गाडी धरा. उशीर, संप आणि सीमेवरची बोटांच्या ठशांची नवी रांग, तिन्ही एकाच दिवशी भेटू शकतात. उरलेलं खरबूज गाडीतच संपवा. नाविगो कार्डावर दोन-तीन तिकिटं शिल्लक असतील तर असू द्या. त्यावर नाव नसतं, दहा वर्षं चालतं, पुढच्या उन्हाळ्यात जाणाऱ्या कुणाच्याही हातात देता येतं.